डिफेंडरने बॉलला आधी पाय लावला, तरी फाउल कसा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

मुलगी आठवीत आहे. यंदा शाळेच्या फुटबॉल संघात डिफेंडर म्हणून खेळते. आमच्या घरात क्रिकेटपलीकडे कुणी काही पाहिलेलं नाही, त्यामुळे सामन्याला गेलं की शेजारचे पालक ओरडले की आम्ही दोघंही ओरडतो. गोल कळतो, हात लावायचा नाही हे कळतं, पुढे सगळा आनंद.

गेल्या आठवड्यात समोरची मुलगी बॉल घेऊन वेगात आत घुसली. आमच्या बाईसाहेब घसरत गेल्या आणि बॉल काढला. बॉल आधी गेला, ती मुलगी नंतर पडली. तरी पंचांनी फाउल दिला, वर पिवळं कार्ड. सगळे पालक 'बॉल! बॉल!' करत होते, कोच मात्र गप्प. घरी लेकीला विचारलं तर म्हणते, 'बरोबर होतं सरांचं.' का, ते सांगायला तिला वेळ नाही.

शिवाय ऑफसाइड हा काय प्रकार आहे? हात लागला तर कधी फाउल, कधी काहीच नाही, असं का? आणि ढळढळीत पाडलेलं दिसत असताना पंच कधी कधी शिट्टी न वाजवता दोन्ही हात पुढे करून पळत काय सुटतात? कृपया बालवाडीपासून सांगा.

---

पेठेतला

ताई, पहिल्यांदा अभिनंदन! पोरगी डिफेंडर म्हणजे विषयच नाही.

आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे संघ समोरासमोर आले की गॅलरीतला प्रत्येक माणूस पंच असतो. 'बॉलला लागलाय की ओ!' हे वाक्य आम्ही चालायला शिकायच्या आधी शिकतो. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मलाही ऐकायचंय. इथे एक शिट्टीवाले सर आहेत, ते येईपर्यंत जागा धरून बसतो.

---

शिट्टीवाला

आलो. जिल्हा पातळीवर पंच म्हणून उभा राहतो, त्यामुळे शिव्यांची सवय आहे. बिनधास्त विचारा.

नियमपुस्तकात एकूण १७ नियम आहेत. फाउल आणि गैरवर्तन हा त्यातला १२वा. तो अथपासून इतिपर्यंत वाचला तरी 'बॉलला आधी पाय लागला तर फाउल नाही' असं वाक्य सापडत नाही. हा नियम गॅलरीने बनवलेला आहे.

पुस्तक सांगतं ते असं. लाथ मारणं, पाय घालून पाडणं, ढकलणं, अंगावर उडी घेणं, धडक देणं, मारणं आणि बॉल काढायला जाणं, म्हणजे टॅकल, या गोष्टी *कशा* केल्या ते पंचाने पाहायचं. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. निष्काळजीपणे केल्या तर फाउल, समोरच्यांना फ्री किक (थांबलेला बॉल मोकळेपणाने मारायची संधी), पुढे चला. बेदरकारपणे, म्हणजे समोरच्याला लागेल याची पर्वा न करता केल्या तर फाउल आणि पिवळं कार्ड. आणि गरजेपेक्षा जास्त जोर लावून समोरच्याला धोक्यात घातलं तर थेट लाल, म्हणजे मैदानाबाहेर. लाथ मारायचा किंवा पाडायचा नुसता प्रयत्न केला आणि तो फसला, तरी फाउल होतो.

बॉलला लागला की नाही हा आम्ही पाहतो त्यातला एकच मुद्दा. बाकी काय पाहतो? किती वेगाने आला. पाय गुडघ्यात वाकलेला होता की सरळ ताठ. बुटाचा तळवा, म्हणजे स्टड, जमिनीकडे होता की समोरच्याकडे. संपर्क पावलावर झाला, घोट्यावर की नडगीवर. आणि बॉल काढल्यानंतर त्याला स्वतःला थांबवता आलं असतं का? बॉल सफाईने काढून मागचा पाय कात्रीसारखा फिरवून समोरच्याला झोपवणारे पुष्कळ असतात. त्यांना वाटतं बॉल मिळाला, आता काहीही चालेल.

तुमचा सामना मी पाहिलेला नाही. पण पिवळं कार्ड निघालं म्हणजे त्या पंचाला दुसरी पायरी दिसली.

---

कृष्णाकाठ

सर, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. म्हणाली, 'मग तेच ना! डावा पाय बॉलला लागला, पण उजवा उचललेला राहिला, तो तिच्या घोट्यावर बसला. स्टड वर होते.' वर मला ऐकवलं की त्या मुलीचा मोजा फाटला होता, तुम्ही पाहिलं नाही का. नाही पाहिलं बाई, मी बॉल बघत होते.

---

पेठेतला

सगळी गॅलरी बॉलच बघत असते ताई. पंच पाय बघतो. एवढाच फरक.

---

श्टुटगार्टवासी

बॉल-पाय प्रकरणाची दुसरी बाजू म्हणून १९८२ च्या वर्ल्डकपची सेमीफायनल सांगतो. सेव्हिया शहर, पश्चिम जर्मनी विरुद्ध फ्रान्स. फ्रान्सचा बातिस्तों एकटा गोलच्या दिशेने सुटला, त्याने बॉल मारला, बॉल बाहेर गेला. जर्मन गोलकीपर शूमाखर पुढे धावत आलेला, तो तसाच हवेत उडी घेऊन बातिस्तोंवर जाऊन आदळला. बातिस्तों बेशुद्ध पडला, दात पडले, स्ट्रेचरवरून बाहेर नेला. पंचांनी काय दिलं? गोल किक, म्हणजे गोलजवळून बॉल मारून खेळ पुन्हा सुरू. कार्ड तर सोडाच, फाउलसुद्धा नाही. बॉल तोवर निघून गेला होता आणि पंचांची नजर बॉलमागे गेली होती असं म्हणतात. आज हेच घडलं तर लाल कार्ड आणि पेनल्टी (समोर फक्त गोलकीपर असताना मारायची किक), चर्चाच नको.

इथे जर्मनीत जुन्या लोकांसमोर आजही हा विषय काढला की आवाज खाली येतो.

२०१० च्या फायनलमध्ये डच खेळाडू डी योंगने स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या छातीवर बुटाचा तळवा लावला. तिथेही पिवळ्यावर भागलं. पंच हॉवर्ड वेब यांनी नंतर स्वतःच कबूल केलं की ते लाल असायला हवं होतं.

---

आडवा_पाय

हे सगळं ठीक. पण या खेळात निम्मा वेळ लोक गवतावर लोळतात त्याचं काय? साधा धक्का लागला की गोळी लागल्यासारखे पडतात. आमच्या कबड्डीत असं नसतं.

---

शिट्टीवाला

@आडवा_पाय, त्याचाही नियम आहे. फाउल झाल्याचं सोंग घेणं हे गैरवर्तन, पिवळं कार्ड. अडचण अशी की पुष्कळदा धक्का खरा असतो आणि लोळणं खोटं असतं. धक्का फाउल असेल तर फाउल द्यायचाच. तो किती लोळला यावरून मी निर्णय बदलत नाही, दोन्ही बाजूंनी.

आता हात पुढे करून पळण्याबद्दल. त्याला अॅडव्हान्टेज म्हणतात. फाउल झाला, पण बॉल ज्याच्यावर फाउल झाला त्याच्याच संघाकडे राहिला आणि पुढे चांगली संधी आहे, तर शिट्टी वाजवून मी फाउल करणाऱ्याचाच फायदा करून देईन. म्हणून हात पुढे करून सांगतो, 'पाहिलंय, खेळत राहा.' दोन-चार सेकंदांत ती संधी फुकट गेली तर मागे येऊन फ्री किक देता येते. कार्डाचा फाउल असेल तर पुढे खेळ थांबल्यावर कार्ड दाखवतो. लोकांना वाटतं पंचाला उशिरा जाग आली.

थेट आणि अप्रत्यक्ष फ्री किक हा फरकही इथेच सांगून टाकतो. वर सांगितलेले फाउल, शिवाय धरून ठेवणं, चावणं, थुंकणं, हाताने खेळणं, या सगळ्यांना थेट फ्री किक मिळते. तीच गोष्ट बचाव करणाऱ्या संघाने स्वतःच्या पेनल्टी एरियात केली की पेनल्टी. पेनल्टी एरिया म्हणजे आपल्याकडे सगळे 'डी' म्हणतात तो मोठा चौकोन, गोलपोस्टपासून १६.५ मीटरचा. अंगाला अंग न लावता धोकादायक खेळणं, जसं समोरचा डोकं घालत असताना त्याच्या तोंडाजवळ पाय उंच नेणं, किंवा पंचांशी हुज्जत, याला अप्रत्यक्ष फ्री किक. पंचाचा एक हात डोक्यावर सरळ उभा दिसला की समजायचं अप्रत्यक्ष आहे. तीवर थेट मारलेला गोल धरला जात नाही, मध्ये दुसऱ्या कुणाचा तरी स्पर्श व्हायला हवा.

---

म्हापशेकर

ऑफसाइड मी घेतो. आमच्या गोव्यात पावसाळा सरला की वाड्यावाड्यांवर मॅची सुरू होतात, आणि भांडण झालंच तर ते यावरूनच होतं.

कृष्णाकाठताई, तीन गोष्टी एकदम हव्यात. एक, खेळाडू समोरच्या संघाच्या अर्ध्या भागात हवा. दोन, तो बॉलच्या पुढे हवा. तीन, त्याच्या आणि गोललाइनच्या मध्ये समोरच्या संघाचे दोनपेक्षा कमी खेळाडू हवेत. गोलकीपर या दोनांत धरला जातो, म्हणून व्यवहारात आपण शेवटचा डिफेंडर बघतो. पण गोलकीपर पुढे आलेला असला की हा हिशोब चुकतो, आणि तेव्हाच सगळी गर्दी चुकीचं ओरडते. बरोबरीच्या रेषेत असला तर ऑफसाइड नाही. १९९० पर्यंत बरोबरीतलाही ऑफसाइड धरत. १९२५ च्या आधी तर दोनऐवजी तीन खेळाडू मध्ये लागत, त्यामुळे गोल फारच कमी व्हायचे.

मुख्य गोष्ट पुढे आहे. हे सगळं *सहकाऱ्याने बॉल मारला त्या क्षणी* पाहायचं. बॉल पोचला तेव्हा तो कुठे होता याला काडीची किंमत नाही. चांगला फॉरवर्ड पास सुटेपर्यंत रेषेत थांबतो आणि सुटला की झेपावतो. बॉल मिळतो तेव्हा तो सगळ्यांच्या चार पावलं पुढे असतो, आणि तो शंभर टक्के बरोबर असतो.

आणि नुसतं ऑफसाइड जागेत उभं राहणं हा गुन्हाच नाही. त्याने बॉल खेळला, किंवा समोरच्याला अडथळा केला, जसं गोलकीपरच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, किंवा पोस्टला लागून परत आलेला बॉल तिथेच उभं राहून मारला, तरच झेंडा. म्हणूनच लाइनमन, म्हणजे रेषेवरचे सहायक पंच, हल्ली झेंडा उचलायला थांबतात.

थ्रो-इन, कॉर्नर आणि गोल किकवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतो. हात-दंड मोजत नाहीत. डोकं, धड, पाय मोजतात.

---

श्टुटगार्टवासी

म्हापशेकरांशी सहमत. २०२२ मध्ये कतारला अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया आठवा. पहिल्या हाफमध्ये अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाले. सौदीची बचावफळी इतकी वर येऊन उभी होती की मेस्सी आणि लाउतारो सारखे सापळ्यात सापडत होते. लाउतारोचा एक गोल तर खांद्याएवढ्या फरकाने गेला. तेव्हा कॅमेऱ्यांची नवीन अर्धस्वयंचलित ऑफसाइड पद्धत पहिल्यांदाच वर्ल्डकपात आली होती. सौदी २–१ जिंकले. माझ्या मते ऑफसाइड समजायला याहून चांगला सामना नाही, बचाव करणारा संघ ऑफसाइड *खेळू* शकतो हे त्यात दिसतं.

---

आडवा_पाय

बोटभर फरकाने गोल रद्द करण्यात कसला खेळ आला? नियमाचा हेतू होता की कुणी गोलपाशी तळ ठोकून बसू नये. खांदा पुढे होता म्हणून काय फायदा मिळाला त्याला?

---

म्हापशेकर

मुद्दा चूक नाही. पण रेषा कुठेतरी आखावी लागते. 'थोडासा पुढे चालेल' म्हटलं तर मग त्या थोड्याशाच्या पुढच्या बोटभरावर भांडण होणार.

---

चिंचपोकळी_लोकल

हँडबॉल कुणी घेतलाच नाही. एक प्रश्न माझाही. २०१० ला उरुग्वेच्या सुआरेझने गोललाइनवर उभं राहून घानाचा जाणारा गोल हाताने अडवला. त्याला लाल कार्ड, घानाला पेनल्टी. ग्यानने पेनल्टी बारवर मारली आणि उरुग्वे पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये जिंकले. हा न्याय झाला का? सरळ गोल का देत नाहीत?

---

शिट्टीवाला

नियमाने पंचाला न झालेला गोल देता येत नाही. नियमात जेवढी शिक्षा होती तेवढी पंचाने पूर्ण दिली: लाल कार्ड आणि पेनल्टी. पुढचं ग्यानच्या हातात, म्हणजे पायात होतं.

हँडबॉलचं थोडक्यात. मुद्दाम हात किंवा दंड बॉलकडे नेला तर फाउल. मुद्दाम नसला, पण हात अशा ठिकाणी होता की शरीर विनाकारण मोठं झालं, उदाहरणार्थ, शॉट अडवताना हात खांद्याच्या वर पसरलेला, तरी फाउल. धावताना, उडी मारताना किंवा पडताना आधारासाठी हात स्वाभाविकपणे जिथे जातो तिथे बॉल लागला तर सहसा नाही. आणि गोल मारणाऱ्याच्या स्वतःच्या हाताला लागून बॉल गोलात गेला, किंवा हाताला लागला आणि लगेच त्यानेच गोल मारला, तर चुकून लागला असला तरी गोल रद्द. हात कुठून सुरू होतो? काखेच्या तळाच्या रेषेपासून खाली. वरचा खांदा म्हणजे हात नव्हे. गोलकीपरला स्वतःच्या 'डी'मध्ये हात वापरता येतो, बाहेर तोही बाकीच्यांसारखाच.

पेठेतल्यांच्या गॅलरीतून 'हँड! हँड!' अशी हाक येते तेव्हा दहातल्या बहुतेक वेळा बॉल कमरेला चिकटलेल्या हातावर आदळलेला असतो.

---

पेठेतला

सर, गॅलरीची बदनामी करू नका. आमच्या गॅलरीने २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपला अनिकेत जाधव दिलाय.

बाकी सुआरेझबद्दल माझं मत वेगळं आहे. देशासाठी खेळतोय, शेवटचा मिनिट आहे, मी पण हात घातला असता. शिक्षा भोगायची तयारी ठेवून केलं ना?

---

चिंचपोकळी_लोकल

मग १९८६ ला इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाने हाताने मारलेला गोलही माफ? त्याला तर शिक्षाच झाली नाही.

---

पेठेतला

तो पंचाला दिसला नाही. त्याच सामन्यात चार मिनिटांनी त्याने अर्धं मैदान पळून जो दुसरा मारला तो सगळ्या जगाला दिसला. मिटवा विषय.

---

कृष्णाकाठ

मंडळी, इतकं सविस्तर! ऑफसाइड दोनदा वाचावा लागला. सगळ्यांचे आभार.

आणखी एक. बॉल रेषेला लागला की बाहेर का? शाळेच्या मैदानावर चुन्याची रेषा इतकी जाड आणि वाकडी असते की भांडण ठरलेलं.

---

म्हापशेकर

रेषेचा काही भाग बॉलखाली असेल, किंवा वरून पाहिलं तर बॉल रेषेवर लोंबत असेल, तरी बॉल आत. पूर्ण बॉल पूर्ण रेषेच्या पलीकडे गेला तरच बाहेर. गोललाही हेच. २०२२ ला जपानच्या मितोमाने स्पेनविरुद्ध बॉल गोललाइनवरून ओढून परत आत टाकला आणि गोल झाला. टीव्हीवर बाजूने तो चक्क बाहेर दिसत होता, वरच्या कॅमेऱ्यात रेषेवर केसभर टेकलेला निघाला. त्या गोलामुळे जपान जिंकला आणि त्याच गटातली जर्मनी वर्ल्डकपातून बाहेर.

आणि उलटं आपल्याशी झालं. ११ जून २०२४, दोहा, वर्ल्डकप पात्रतेचा सामना. छांगटेच्या गोलामुळे भारत १–० पुढे. ७३व्या मिनिटाला आपला गोलकीपर गुरप्रीत याच्याजवळून बॉल घरंगळत गोललाइनच्या बाहेर गेला. भारतीय खेळाडू हात वर करून थांबले. कतारच्या खेळाडूने तो बाहेरून ओढून आत दिला, युसुफ आयमेनने गोल मारला, पंचांनी धरला. त्या सामन्याला व्हीएआर (व्हिडिओ पाहून निर्णय तपासायची सोय) नव्हता. पुढे २–१ हरलो आणि पात्रता फेरीतून बाद. फातोर्ड्याला माझ्या शेजारी बसणारे एक काका अजूनही त्या बॉलबद्दल बोलतात.

त्यातून शिकायचं ते लेकीला सांगा: शिट्टी वाजेपर्यंत खेळायचं. हात वर करून उभा राहणारा डिफेंडर म्हणजे खांब.

---

चिंचपोकळी_लोकल

शिट्टीचा विषय निघालाच आहे तर बंगळुरू-केरळ?

---

शिट्टीवाला

मला वाटलंच कुणीतरी काढणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ३ मार्च २०२३, आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) नॉकआउट सामना, कांतीरवा स्टेडियम. ९० मिनिटांत ०–०. जादा वेळेत ९६व्या मिनिटाला बंगळुरूला 'डी'बाहेर फ्री किक मिळाली. केरळ ब्लास्टर्सचे खेळाडू भिंत लावत होते, गोलकीपर खांबापाशी उभा राहून ती सरकवत होता. सुनील छेत्रीने सरळ बॉल मोकळ्या जाळ्यात टाकला. पंचांनी गोल दिला. केरळचे कोच वुकोमानोविच यांनी संघ मैदानाबाहेर बोलावला आणि तो परत आलाच नाही. सामना बंगळुरूला. पुढे महासंघाने केरळला ४ कोटींचा दंड आणि कोचवर १० सामन्यांची बंदी घातली.

नियम असा आहे. फ्री किक मिळालेल्या संघाला ती लगेच घ्यायचा हक्क आहे. फाउल झालाय, वेळ त्यांच्या बाजूने हवा. शिट्टीची वाट पाहायची ती पंचाने तसं सांगितलं असेल तेव्हा: अंतर मोजतोय, कार्ड देतोय, जखमी पाहतोय. समोरचे ९.१५ मीटरवर नसले तरी मारणारा स्वतःच्या जबाबदारीवर मारू शकतो. भिंत नीट लावायला मिळणं हा बचाव करणाऱ्यांचा हक्क नाही.

---

चिंचपोकळी_लोकल

पण केरळचं म्हणणं हेच होतं ना, की इथे पंच थांबवून बसले होते आणि शिट्टी व्हायला हवी होती?

---

शिट्टीवाला

हो, आणि शिस्त समितीने ती तक्रार फेटाळली. पंच म्हणून माझं मत: गोल नियमात बसतो. पण मी तिथे असतो तर पहिल्या क्षणालाच स्पष्ट खूण केली असती. एकतर बॉलपासून दूर सरकून 'घ्या लवकर', नाहीतर शिट्टीकडे बोट दाखवून 'थांबा'. अर्धवट उभं राहिलं की दोन्ही संघ आपापल्या सोयीचं वाचतात. छेत्रीचं काही चुकलं नाही. मैदान सोडून जाणं मात्र कुठल्याही परिस्थितीत चूक. मुलांच्या सामन्यात तर पालकांनीच पहिल्यांदा 'चला बाहेर' म्हणायला सुरुवात केलेली मी पाहिली आहे.

---

आडवा_पाय

नियम बरोबर, पण मन मानत नाही. गोलकीपर पाठ करून उभा असताना गोल?

---

पेठेतला

मग गोलकीपरने पाठ करायची नाही भावा.

---

श्टुटगार्टवासी

कार्डांबद्दल थोडं. दोन पिवळी म्हणजे लाल, संघ दहावर. सातपेक्षा कमी उरले तर सामना चालू ठेवता येत नाही. कार्डं १९७० च्या मेक्सिको वर्ल्डकपपासून. १९६६ ला इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात रात्तिनला बाहेर काढलं तर तो जायलाच तयार नव्हता, भाषेचा घोळ. इंग्लिश पंच केन अॅस्टन यांना गाडी चालवताना सिग्नल बघून पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना सुचली.

एवढं असूनही २००६ ला इथेच, श्टुटगार्टमध्ये, क्रोएशियाच्या शिमुनिचला एकाच सामन्यात तीन पिवळी कार्डं मिळाली. पंच ग्रॅहम पोल यांनी दुसऱ्यानंतर त्याला बाहेर काढलंच नाही, तिसऱ्याला लाल दाखवलं. इथल्या बारमध्ये हा किस्सा अजून चालतो.

---

कृष्णाकाठ

लेकीचा थेट प्रश्न आहे, तिच्याच शब्दांत: 'फॉरवर्ड एकटी गोलीसमोर सुटली आणि मी मागून तिला पाडलं, तर दर वेळी रेड का?'

---

शिट्टीवाला

दर वेळी नाही. पंच चार गोष्टी बघतो: गोल किती लांब, खेळ गोलच्या दिशेने चाललाय का, तिला बॉल ताब्यात ठेवता आला असता का, आणि बाकी डिफेंडर कुठे आहेत. चारही तिच्या बाजूने असतील तर ती निश्चित गोलची संधी, आणि ती फाउलने मोडली तर लाल. तेवढी पक्की संधी नव्हती, पण चांगला हल्ला होता, तर पिवळं.

'डी'च्या आत मात्र २०१६ पासून थोडी सूट आहे. बॉल खेळायचा प्रामाणिक प्रयत्न करताना फाउल झाला तर पेनल्टी आणि पिवळं. कारण पेनल्टीने संधी परत मिळतेच. पण जर्सी ओढली, मागून ढकललं, बॉल मिळण्याची शक्यताच नव्हती, तर आतही लाल. तिला सांगा, मागे पडलीस तर धावत आडवी जा, जर्सीला हात लावू नकोस. पंचाला ताणलेली जर्सी लांबूनही दिसते.

---

चिंचपोकळी_लोकल

गोलकीपरने बॉल धरून वेळ काढण्याबद्दल नवीन नियम आलाय ना?

---

म्हापशेकर

हो. आधी सहा सेकंदांचा नियम होता, मोडला तर अप्रत्यक्ष फ्री किक. कुणी देतच नसे. २०२५–२६ च्या हंगामापासून आठ सेकंद, मोडला तर समोरच्यांना कॉर्नर. शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो. मला आवडला. शिक्षा देण्याजोगी असली की पंच देतात.

आणि आपल्याच खेळाडूने पायाने मुद्दाम दिलेला पास गोलकीपरने हातात घ्यायचा नाही, हा १९९२ चा. डोक्याने किंवा छातीने दिलेला चालतो. ताई, शाळेच्या सामन्यात हा सगळ्यात जास्त मोडला जातो. लेक डिफेंडर आहे म्हणून सांगतो.

---

कृष्णाकाठ

शेवटचं विचारते. पेनल्टीला गोलकीपर किती हलू शकतो? आमची गोली पुढे उडी मारते आणि पालक टाळ्या वाजवतात.

---

शिट्टीवाला

रेषेवर डावी-उजवीकडे हवी तेवढी हलू दे. किक मारली त्या क्षणी एका पायाचा निदान काही भाग रेषेवर, रेषेच्या सरळ वर किंवा मागे हवा. आधीच पुढे आली आणि त्यामुळे वाचवलं तर पेनल्टी पुन्हा. मारणारीने धावत येताना हुलकावणी दिली तर चालते. धाव संपवून बॉलपाशी थांबून हूल दिली तर चालत नाही, गोल रद्द आणि पिवळं.

आणि मारणारीने बॉलला दोनदा पाय लावायचा नाही. मार्च २०२५ ला चॅम्पियन्स लीगमध्ये अॅटलेटिकोच्या हुलियान आल्वारेझचा पाय घसरला, बॉल दोन्ही पायांना लागला, गोल रद्द झाला. त्यानंतर स्पष्टीकरण आलं की असं चुकून झालं आणि गोल झाला तर किक पुन्हा घ्यायची.

---

पेठेतला

सर, पावसाळ्यात आमच्या मैदानावर हा नियम लावला तर पेनल्ट्या संपायच्याच नाहीत.